किमतीपलीकडचे घड्याळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महागड्या यांत्रिक मनगटी घड्याळांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात लिलावातील बोली, घड्याळ मिरवणाऱ्याचे नाव आणि सुट्या भागांची संख्या यांपलीकडे सहसा काही नसते. २०१९ मध्ये जिनिव्हातील एका धर्मादाय लिलावात पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला विकले गेले, तेव्हा तो आकडा जगभर पोहोचला. मात्र तेच घड्याळ वेळेबरोबर तारीखही ठोके देऊन सांगते, ही अधिक नवलाची गोष्ट क्वचितच वाचायला मिळाली.

यंत्राविषयी लिहिले जाते तेव्हा अनेकदा चुकीचे लिहिले जाते, ही माझी खरी तक्रार आहे. ‘टूरबियाँ’ (घड्याळाची गती राखणारे भाग फिरते ठेवणारी रचना) असलेले घड्याळ गुरुत्वाकर्षणावर मात करते आणि म्हणून ते सर्वांत अचूक असते, हे विधान त्याचे ठळक उदाहरण होय. घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १८०१ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले ते खिशातल्या घड्याळासाठी. असे घड्याळ दिवसभर खिशात उभेच राहत असल्याने त्याच्या बॅलन्स चक्राच्या (मागेपुढे डोलून वेळेचा ताल राखणाऱ्या चाकाच्या) तोलातील बारीकसा दोषही एकाच दिशेने साचत जातो. तो दोष सर्व दिशांना वाटला जावा म्हणून ब्रेगे यांनी बॅलन्स चक्र आणि एस्केपमेंट (स्प्रिंगची शक्ती ठरावीक तालात सोडणारा भाग) एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरता ठेवला. आजच्या बहुतेक टूरबियाँमध्ये तो मिनिटाला एक फेरी घेतो. मनगटाची स्थिती मुळातच सतत बदलत असल्यामुळे तेथे या रचनेचा फायदा फारच थोडा उरतो, आणि घड्याळ आडवे ठेवल्यावर तर काहीच उरत नाही. तरीही तो पिंजरा तयार करणे आणि त्याचा तोल साधणे हे विलक्षण कसबाचे काम आहे, व किंमत त्या कसबाची असते, अचूकतेची नव्हे. अचूकतेचे अधिकृत ‘क्रोनोमीटर’ प्रमाणपत्र मिळालेल्या यांत्रिक घड्याळालासुद्धा दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे अशी मुभा असते, तर बॅटरीवर चालणारे साधे क्वार्ट्झ घड्याळ महिनाभरात जेमतेम १५ सेकंद चुकते.

माझ्या मते टूरबियाँपेक्षा अधिक कौतुकाची गोष्ट म्हणजे महिने लहानमोठे असले तरी तारीख आपोआप बरोबर दाखवणारी शाश्वत दिनदर्शिका, म्हणजेच ‘पर्पेच्युअल कॅलेंडर’. तिच्या जुन्या आणि प्रचलित रचनेत चार वर्षांत एक फेरी पूर्ण करणारी एक चकती असते व तिच्या कडेवर ४८ महिन्यांसाठी ४८ जागा असतात. महिना जितका लहान, तितकी त्या जागेची खाच खोल. एक तरफ त्या खाचेत उतरून महिना किती दिवसांचा हे जणू चाचपते आणि महिनाअखेरीस तारखेचे चाक योग्य तेवढे पुढे ढकलते. फेब्रुवारीच्या चार जागांपैकी तीन २८ दिवसांच्या, एक २९ दिवसांची. कोणताही संगणक नसताना केवळ धातूच्या कडेवर चार वर्षांचे पंचांग कोरून ठेवण्याची ही युक्ती शाळकरी मुलालाही समजावून सांगता येईल. २१०० हे वर्ष चारने भाग जाणारे असूनही लीप वर्ष नसल्यामुळे, त्या वर्षीच्या १ मार्चला अशी बहुतेक घड्याळे २९ फेब्रुवारी दाखवतील आणि ती हाताने दुरुस्त करावी लागतील. (आणि किल्ली न दिल्याने घड्याळ मधेच बंद पडले, तर शाश्वत दिनदर्शिकाही तिथेच थांबते, हेही जाहिरातीत नसते!)

अशा घड्याळांवर पुढे मजकूर छापताना तो एखाद्या जाणत्या घड्याळजीकडून तपासून घ्यावा, किंबहुना त्यालाच लिहिते करावे, आणि छायाचित्र छापताना तबकडीशेजारी घड्याळाच्या पाठीमागून दिसणारे यंत्रही दाखवावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक