गाळातल्या कार्बनचा हिशेब नुसत्या टक्केवारीवर नको

मा. संपादक,

कोकणातल्या खाड्या, कांदळवने आणि किनाऱ्यालगतचा समुद्रतळ यांत साठलेल्या कार्बनची चर्चा आता कार्बन क्रेडिटपर्यंत (साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांपर्यंत) पोहोचली आहे. ती व्हायलाच हवी. पण चिखलात गाडला गेलेला कार्बन कायमचा साठला, असे तिच्यात सर्रास धरून चालतात, आणि ते खरे नाही. समुद्रात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन कार्बन प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) शरीरात बांधला जातो. त्यातला गाळात दीर्घकाळ टिकणारा भाग अर्ध्या टक्क्याहूनही कमी. उरलेला जिवाणू व इतर जीव वाटेतच किंवा तळावर संपवतात. जो थोडा टिकतो, तो बहुतेक नदीमुखांजवळच्या आणि किनाऱ्यालगतच्या गाळात. दाभोळ, जयगड, विजयदुर्गच्या खाड्यांचे महत्त्व त्यामुळेच आहे.

खाडीतला चिखल उभा कापला तर वरचे काही मिलिमीटर तपकिरी आणि खाली काळा थर दिसतो. तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, काळा लोह-सल्फाइडचा. वरचा ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेट वापरतात, मग मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडे, मग सल्फेट; तेही संपले की मिथेन तयार होतो. हवा लागली नाही की टिकते, हा लोणच्याच्या बरणीचा न्याय इथे पुरता चालत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ऑक्सिजन फार तर ६-७ मिलिग्रॅम असतो, सल्फेट मात्र सुमारे २.७ ग्रॅम. उथळ समुद्रतळावरचे जवळपास निम्मे विघटन हे सल्फेट वापरणारे जिवाणूच करतात. ओहोटीला येणारा सडक्या अंड्यांचा वास त्यांच्याच कामाचा.

मग कार्बन टिकतो कशाने? मुख्यतः चिकणमातीच्या कणांना चिकटून आणि लोहाच्या ऑक्साइडांशी बांधला जाऊन. बेसॉल्ट आणि जांभ्याची झीज होऊन पावसाळ्यात नद्यांतून येणारा लाल गाळ म्हणूनच मोलाचा. रेतीत कण मोठे, चिकटायला पृष्ठभाग कमी, पाणी खेळते. तिथे कार्बन टिकत नाही. रत्नागिरीसमोर किनाऱ्याजवळ चिखल, पुढे खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) बाहेरच्या भागात जुनी रेती आणि त्याहून खोल उतारावर पुन्हा कार्बनने समृद्ध चिखल, हे चित्र त्यातूनच बनते. उतारावर अरबी समुद्रातला अत्यल्प ऑक्सिजनचा पट्टा, साधारण १५० ते १००० मीटर खोलीचा, त्यात भर घालतो. तिथल्या समृद्धीचे श्रेय त्या पट्ट्याला द्यायचे की वरच्या भरघोस प्लवक-उत्पादनाला, यावर शास्त्रज्ञांचा वाद जुना आहे. तिवरांच्या मुळांतले लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारे द्रव्य) मात्र ऑक्सिजनशिवाय फारच सावकाश कुजते, एवढे नक्की. कण गाडला जाण्याआधी किती काळ ऑक्सिजनमध्ये राहिला, आणि गाडल्यावर पुन्हा वर काढला गेला का, यावर पुष्कळ काही ठरते.

मोजणीत नेमकी इथेच गफलत होते. ग्रॅबने (तळाचा गाळ जबड्यासारखा पकडून उचलणाऱ्या साधनाने) उचललेल्या नमुन्यात वरचा-खालचा गाळ मिसळून जातो. उभा नळीनमुनाच हवा. नळी दाबल्यावर आतल्या आणि बाहेरच्या चिखलाच्या पातळीतला फरक मोजावा, कारण तेवढा गाळ दबलेला असतो. वरचे १० सेंमी एकेक सेंमीने कापावेत, नळीला घासलेली कड टाकून द्यावी आणि ठरावीक आकारमानाचा तुकडा ६० अंशांवर सुकवून घनता काढावी. चिखलात ६० टक्के पाणी असेल तर सुकल्यावर वजनात सुमारे ५ टक्के मीठच असते. ते वजा करावे लागते. शिंपल्यांचा चुना हायड्रोक्लोरिक आम्लाने काढला नाही तर तोही सेंद्रिय म्हणून मोजला जातो. ५५० अंशांवर जाळून वजनातली घट पाहण्याची पद्धत स्वस्त आहे, पण चिकणमातीतले बांधलेले पाणीही त्यात उडते आणि आकडा फुगतो. शेतमातीच्या प्रयोगशाळांत चालणारी डायक्रोमेटची पद्धत (कार्बनने किती डायक्रोमेट हे रसायन खाल्ले ते मोजण्याची) खाऱ्या गाळाला जशीच्या तशी लावू नये, मिठातले क्लोराइडही डायक्रोमेट खाते. सिल्व्हर सल्फेट घालावे किंवा क्लोराइड मोजून दुरुस्ती करावी.

एवढे करूनही हाती येतो तो साठा. दरवर्षी किती भर पडते ते नव्हे. त्यासाठी शिसे-२१० ने (ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या किरणोत्सारी शिशाने) थरांचे वय काढावे लागते. त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे २२ वर्षे. खेकड्यांनी व किड्यांनी ढवळलेला वरचा पट्टा वगळला नाही तर गाळ साचण्याचा वेग खऱ्याहून जास्त दिसतो. समजा कार्बन २ टक्के, कोरडी घनता ०.६ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि साचण्याचा वेग वर्षाला २ मिमी: हिशेब येतो चौरस मीटरला वर्षाकाठी २४ ग्रॅम. खालच्या थराऐवजी वरच्या थरातले ३ टक्के घेतले की तोच आकडा ३६ होतो. हे जादा १२ ग्रॅम पुढे कुजून जाणारे आहेत. त्यांवर क्रेडिट विकणे गैर.

उलट बाजूची अतिशयोक्तीही टाळायला हवी. तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांनी ढवळलेल्या तळातून किती कार्बन सुटतो, याचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला जागतिक अंदाज फार मोठा होता. त्यावर आक्षेप असा, की त्यात जुन्या, चिवट कार्बनलाही ताज्याइतकाच कुजणारा धरले होते. तळ ढवळू नये हे बरोबरच, पण आकडा तपासूनच वापरावा.

जेट्यांजवळचा गाळउपसा आणि वाळूउपसा यांच्या परवानग्यांत किती खोलीपर्यंतचा थर निघणार आणि तो कुठे टाकणार, हे लिहिणे सक्तीचे करावे, अशी आमची मागणी आहे. काळा चिखल बांधावर सुकवला की त्यातला कार्बन हवेत जाऊ लागतो आणि पायराइटचे (लोह-सल्फाइडच्या खनिजाचे) सल्फ्युरिक आम्ल होते. शेजारच्या खाजण जमिनीला आणि कोळंबीच्या तळ्यांना त्याचा फटका बसतो. चाचणी सोपी आहे. चिखलाचा १ सेंमी जाडीचा थर ओल टिकवून ८ आठवडे उघडा ठेवावा आणि दर आठवड्याला सामू (आम्लता दाखवणारा pH) मोजावा. तो ४ पर्यंत उतरला तर तो गाळ बांधावर टाकू नये, पाण्याखालीच ठेवावा.

— सागरी गाळाचे अभ्यासक, रत्नागिरी