कॅनस्टोटाहून आल्यावर दिनूला

सिरॅक्यूज, न्यू यॉर्क
जूनचा तिसरा आठवडा

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

चार दिवस हातात फोन घेतो आणि ठेवून देतो. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू मध्ये प्रश्न विचारशील, मी उत्तरं देत बसेन आणि खरी गोष्ट राहून जाईल. म्हणून पत्र. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, त्यामुळे पूर्ण वाच.

गेल्या रविवारी मी कॅनस्टोटाला जाऊन आलो. आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासाचं गाव. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. आजूबाजूला काळी, भुसभुशीत जमीन, आणि त्या जमिनीत कांदा. बॉक्सर कार्मेन बॅसिलिओ इथल्याच कांदे पिकवणाऱ्या घरातला. १९५७ साली त्याने जगज्जेत्या शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. पुढे त्याचा भाचा बिली बॅकसही जगज्जेता झाला. एका खेड्यातून दोन जगज्जेते निघाले म्हणून गावकऱ्यांनी त्यांचं स्मारक करायचं ठरवलं आणि त्यातून १९८९ साली बॉक्सिंगचं हॉल ऑफ फेम उभं राहिलं. दरवर्षी जूनमध्ये नव्या मानकऱ्यांना त्यात घेतात. त्या दिवसांत जगभरचे जुने-नवे बॉक्सर या गावात येतात आणि रविवारी उघड्या गाड्यांतून त्यांची मिरवणूक निघते. शाळेचा बँड, अग्निशामक दलाचे बंब, रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसं. मला आपल्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाआधीची गडबड आठवली. फक्त हलगी तेवढी नव्हती.

संग्रहालय छोटंसं आहे, पण आत मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं रिंग आहे, दिनू. १९२५ पासून २००७ पर्यंत वापरलेलं. ८ मार्च १९७१ ला मुहम्मद अली आणि जो फ्रेझर पंधरा फेऱ्या लढले ते याच रिंगमध्ये. मी दोरापाशी नुसता उभा राहिलो. पलीकडे काचेत बॉक्सरांच्या मुठींचे साचे मांडलेत. धिप्पाड जगज्जेता प्रिमो कार्नेराची मूठ पाहिलीस तर तुझा विश्वास बसणार नाही. काचेवर मी माझी मूठ टेकवून पाहिली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन तेच करत होते.

मी इथे का गेलो ते तुला माहीत आहे. २००७ साली मी फिलाडेल्फियाजवळ राहत होतो. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर जो फ्रेझरचं जिम होतं आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर तो राहायचा. आत जाऊन आलेले लोक सांगायचे की तो भेटतो, हात मिळवतो, पोरांना जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, शिकवताना दिसतो. तू मला तेव्हा तीन वेळा लिहिलं होतंस, ‘अरे, जा एकदा.’ मी पुढच्या महिन्यावर ढकलत राहिलो. २००८ मध्ये जिम बंद झालं, २०११ मध्ये फ्रेझर गेला. पुढे मी गेलो तेव्हा त्या इमारतीत फर्निचरचं दुकान होतं. त्याच शहरात सिनेमातल्या एका काल्पनिक बॉक्सरचा पुतळा कितीतरी वर्षं उभा होता. खऱ्या फ्रेझरचा पुतळा उभा राहिला तो २०१५ साली, तो गेल्यावर चार वर्षांनी. हे मला अजून सहन होत नाही. आणि जिवंतपणी त्याला भेटून ‘तुम्ही १९७१ ला जिंकलात, आम्ही विसरलो नाही’ एवढं सांगायची संधी मी घालवली, हेही नाही.

तुझे मामा अलीबद्दल सांगायचे ते मला वाटेत सारखं आठवत होतं. जानेवारी १९८०, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, हवालदार कौर सिंगबरोबर अलीची चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत. मामांची पलटण तेव्हा दिल्लीत, त्यामुळे त्यांना आत जायला मिळालं. पण लढतीबद्दल मामा फार बोलायचेच नाहीत, आठवतं? ते सांगायचे ते नंतरचं. अली गर्दीतून जाताना थांबत होता, जवानांकडे बघून गाल फुगवत होता, कुणाच्या तरी कानाजवळ चुटकी वाजवल्यासारखी बोटं घासत होता. मामांच्या खांद्याला त्याचा हात लागला होता आणि तो खांदा ते आपल्याला दाखवायचे.

नंतर वाचत गेलो तसं कळलं की अली सगळीकडे असाच होता. पेनसिल्व्हेनियात डिअर लेकला त्याचं सरावाचं ठिकाण होतं. लाकडी ओंडक्यांच्या खोल्या, आवारात मोठमोठे दगड आणि त्या दगडांवर त्याच्या वडिलांनी रंगवलेली जुन्या बॉक्सरांची नावं. फाटक उघडं असायचं. कुणीही यावं, सराव बघावा, अलीने रुमाल गायब करून दाखवावा आणि मग तो कसा केला तेही सांगून टाकावं. आणि १९८१ च्या जानेवारीतली लॉस एंजेलिसची गोष्ट. नवव्या मजल्यावरून उडी टाकायला निघालेला एक तरुण. पोलीस थकले. अली त्याच भागात होता. तो वर गेला, खिडकीतून बाहेर वाकला आणि बोलत राहिला, त्या पोराला आत घेईपर्यंत. त्या वेळी अली स्वतः हरून आलेला होता. तीनच महिन्यांपूर्वी लॅरी होम्सने त्याला इतकं मारलं होतं की अलीच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकालाच लढत थांबवावी लागली. तरी त्याच्याकडे अनोळखी माणसासाठी वेळ होता.

जुना जगज्जेता जो लुईस याची गोष्ट मात्र वाचताना मला त्रास होतो. १९४२ मध्ये त्याने दोन लढतींची कमाई नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली. पुढे कराच्या थकबाकीने त्याला कितीतरी वर्षं पिळलं. अखेरच्या वर्षांत तो लास व्हेगासच्या एका कॅसिनोत येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत करायचा. लोक हात मिळवायचे, फोटो काढायचे आणि घरी जाऊन सांगायचे, ‘जो लुईस भेटला.’ त्यांना आनंद झाला असणार, खोटं नाही. पण तो तिथे का उभा आहे हे किती जणांना ठाऊक होतं? बॉक्सरला पेन्शन नसते, दिनू. इथे एकट्या कॅलिफोर्निया राज्याने १९८२ पासून त्यांच्यासाठी निधी ठेवलाय, बाकी ज्याचं त्याने बघावं. म्हणून सहीचे पैसे घेणाऱ्या म्हाताऱ्या बॉक्सरला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. आपल्याकडे कान मोडलेला जुना पैलवान पारावर बसला की गाव त्याला चहा पाजतं, मैदानात पहिल्या ओळीत बसवतं, फेटा बांधतं. घरची ओढाताण तिथेही असते, पण माणूस आपलाच असतो. इथे हा एवढा मोठा देश, आणि जगज्जेत्याला रांगेतल्या लोकांकडून वीस-वीस डॉलर घ्यावे लागतात.

आता मुख्य गोष्ट.

मिरवणुकीनंतर एका मांडवाखाली टेबलं मांडली होती. कडेच्या टेबलावर एक जण बसला होता, त्याच्यापुढे रांग नव्हती. शेजारी त्याची मुलगी. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तसा मी तिला शब्द दिलाय. तुला नावाची गरजही नाही. डावखुरा, हिरवी चड्डी, कपाळावर पांढरी पट्टी, आणि बाराव्या फेरीअखेर दोन्ही हात वर करून स्वतःच्या कोपऱ्याऐवजी समोरच्या कोपऱ्यात गेलेला. रविवारची सकाळ, तुमच्या घरची केबल, तुझी आई पोहे घेऊन आलेली आणि आपण दोघंही बारावीचं पुस्तक मांडीवर ठेवून बसलेलो. ओळखलंस ना?

मी पुढे होऊन हात पुढे केला. त्याने हात हातात घेतला तो इतका हळुवार की मला आधी कळलंच नाही. लहान मुलाचा हात धरावा तसा. पुढे मी बघत राहिलो, तो सगळ्यांशी असाच हात मिळवत होता. ज्या हाताने आयुष्यभर फोडलं, तो हात माणसाला लागू नये म्हणून इतका जपून वापरायचा.

मी सांगितलं की मी भारतातून, सांगलीहून. तुमची ती लढत आम्ही पाहिली, मी आणि माझा मित्र. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. शब्द त्याला जुळवावे लागत होते. तो बोलत असताना मागून कुणी तरी त्याचं वाक्य पुरं करायला गेलं, तर मुलीने हात वर करून थांबवलं. मीही थांबलो. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “मी कसा लढलो?”

मला वाटलं, तो सहज विचारतोय. पण मुलगी हळूच म्हणाली, “त्यांना सहाव्या फेरीनंतरचं काही आठवत नाही. त्या रात्रीपासूनच नाही.”

दिनू, जिंकलेली लढत! त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. आणि ती त्याच्याकडे नाही. आपल्याकडे आहे.

मी समोरची खुर्ची ओढली आणि सांगायला लागलो. सातव्या फेरीत तो दोरावर टेकला तेव्हा तू ‘गेला, गेला’ म्हणून ओरडला होतास. मग त्याने डावा अप्परकट, खालून वर येणारा ठोसा, कसा आणला, समोरच्याचा गुडघा कसा वाकला. तो पुढे सरकून ऐकत होता, हात नकळत वर आले होते. त्याने विचारलं, “आणि आठवी?”

मी म्हणालो, “आठवी नाही सांगता येणार. आमच्या गावात लाइट गेली होती.”

तो क्षणभर गप्प राहिला आणि मोठ्याने हसला. म्हणाला, “माझीही.”

मुलगीही हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग दहावी, अकरावी, बारावी. मला जेवढं आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं. भुवई कितव्या फेरीत फुटली त्यावर मी अडखळलो. दहावी की अकरावी, खात्री नव्हती. आणि अशा माणसाला चुकीचं सांगायचं नाही असं मला तिथे बसल्या बसल्या फार वाटलं. तिला सांगितलं की माझा मित्र प्रत्येक फेरीचे गुण वहीत लिहायचा, शेजारी काय झालं तेही. तिने दोनदा विचारलं, “लिहून ठेवलंय? खरंच?” त्या लढतीची टेप त्यांच्याकडे आहे, पण ती लावली की तो तोंड फिरवतो. पडद्यावर स्वतःला मार खाताना बघवत नाही त्याला. कुणी सांगितलं तर मात्र ऐकतो.

निघताना मी सहीचे पैसे पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत, आणि मी फोटो काढला नाही.

तर काम हे. तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. वर ‘रसायनशास्त्र’ लिहिलेलं आणि उलटीकडून बॉक्सिंग. घर बदललंत तेव्हा वहिनींनी जुनी पुस्तकं माळ्यावर टाकली होती असं तू म्हणाला होतास. तिथे नसेल तर काकूंच्या लोखंडी ट्रंकेत बघ. त्या दिवसाचं पान तुला लगेच सापडेल, आठव्या आणि नवव्या फेरीचे रकाने रिकामे असतील. पानाचा नीट उजेडात फोटो काढून पाठव. तू कडेला मराठीत जे काय खरडलं आहेस ते सगळं दिसू दे, मी ओळ न ओळ इंग्रजीत करून तिला देईन. ‘गेला, गेला’ हेसुद्धा.

मुलगी म्हणाली की ते संध्याकाळच्या वेळी बरे असतात, तेव्हा वाचून दाखवीन. त्यांचं गाव इथून तीन तासांवर आहे. ये म्हणाली आहे. मी जाणार आहे, आणि या वेळी पुढच्या महिन्यावर ढकलणार नाही. तुझा व्हिसा झाला तर दोघं जाऊ.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर, ते कळव. वहिनींना आणि चिनूला आशीर्वाद.

तुझा,
सुधा