पाणी वाढलं की स्वर चढतो? दरवेळी नाही!

संपादक महोदय,
नमस्कार.

पुरवणीतला पाण्यावर चालणाऱ्या वाद्यांचा लेख वाचला, विषय भारीच आहे, पण एक वाक्य खटकलं म्हणून लिहितोय. लेखात सरळ म्हटलंय की भांड्यात पाणी वाढवलं की स्वर चढतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर हे खरंय, कारण तिथे वाजते ती आतली हवा, पाणी ओतलं की हवेला जागा कमी उरते आणि स्वर चढतो. पण तीच बाटली चमच्याने वाजवून बघा, पाणी वाढेल तसा स्वर उतरत जातो! आता थरथरते ती काच, आणि पाण्याचा भार पडल्यामुळे ती सावकाश हलते.

जलतरंगाचं, म्हणजे पाणी भरलेल्या वाट्या काड्यांनी वाजवतात त्या वाद्याचं, हेच आहे. तिथे वाट्या आधीच लहानमोठ्या निवडलेल्या असतात, मोठी वाटी खालच्या स्वराची, पाणी फक्त स्वर जुळवायला. चढा लागला तर थोडं पाणी घालायचं, उतरला तर काढायचं. पण रिकाम्या वाटीचाच स्वर हवा त्यापेक्षा खाली असेल तर पाणी काय करणार, दुसरी वाटी शोधा! आणि कार्यक्रम लांबला, वरून स्टेजच्या लाइट्सची गरमी, पाण्याची वाफ होऊन ते कमी होतं आणि वाट्यांचा स्वर हळूहळू चढायला लागतो. म्हणून वादकाला मधेमधे कान देऊन जुळवत बसावं लागतं, लोकांना वाटतं उगाच टाइमपास चाललाय.

दुसरं, बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ मध्ये केलेली ग्लास आर्मोनिका, म्हणजे फिरत्या काचेच्या वाडग्यांना ओली बोटं लावून वाजवायचं वाद्य, लेखातल्या यादीत कशाला? मोत्सार्टने तिच्यासाठी संगीत लिहिलंय वगैरे ठीक आहे, पण तिच्यात स्वर ठरतो काचेच्या वाडग्यांच्या आकारावर, पाणी लागतं ते बोटं ओली करायला. त्यापेक्षा रिचर्ड वॉटर्स या अमेरिकन माणसाचा वॉटरफोन घ्यायचा ना! स्टीलचं भांडं, आत थोडं पाणी, कडेने धातूच्या सळ्या, त्यावर व्हायोलिनसारखा गज फिरवायचा आणि भांडं तिरकं करायचं, पाणी आत हललं की स्वर घसरतो, वळतो. हॉरर सिनेमात अंगावर काटा येतो तो बऱ्याचदा याच्यामुळे.

तेवढी चढ-उताराची दुरुस्ती मात्र छापा, शाळेतली मुलं पुरवणीतलं वाचून प्रोजेक्ट करतात.

आपला,
एक नेहमीचा वाचक