वीस किलोमीटर, पण कुठून?

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

वर्गातला वाद तू सविस्तर लिहिलास. हल्ला करणाराच ‘थांबूया, बोलूया’ म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा का? तुझ्या मैत्रिणी म्हणतात ठेवावा, तू म्हणतेस शत्रूचा शब्द तो कसला. तुम्ही सगळ्या त्याच्या मनात काय आहे यावर भांडताय. मन दिसत नाही, कागद दिसतो. तो कागद हातात घेऊन एवढंच बघायचं: उद्या त्याने शब्द मोडला, तर आपण आजच्यापेक्षा जास्त अडचणीत असू का?

१९६२ चंच बघ. २० ऑक्टोबरला पहाटे चीनने नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाख दोन्हीकडे हल्ला केला. नेफातल्या नामका चू नदीच्या काठची आपली ७ वी ब्रिगेड एका सकाळीत मोडली. चारच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांचा तीन कलमी प्रस्ताव आला. दोघांनी ‘प्रत्यक्ष ताबारेषे’चा मान राखावा आणि तिच्यापासून २०-२० किलोमीटर मागे सरावं, भारताला हे मान्य असेल तर पूर्वेकडे चीन त्या रेषेच्या उत्तरेला जाईल, मग दोन्ही पंतप्रधानांनी भेटावं. ऐकायला किती समंजस! पण ती रेषा नेमकी कुठली, हे त्यात सांगितलेलं नव्हतं.

४ नोव्हेंबरच्या पत्रात ते आलं: ७ नोव्हेंबर १९५९ ची रेषा. तारीख जुनी, म्हणजे चीन तीन वर्षांची कमाई सोडतोय असं वाटतं. नेहरूंनी १४ नोव्हेंबरच्या उत्तरात नेमकं इथेच बोट ठेवलं. १९५९ मध्ये लडाखात चिनी ठाणी होती ती स्पांगूर, खुर्नाक किल्ला, कोंगका ला आणि अक्साई चीनच्या रस्त्यालगत. त्यानंतर उभारलेली ठाणी, अगदी २० ऑक्टोबरनंतर जिंकलेली जागासुद्धा, चीन त्या ‘१९५९ च्या रेषे’त धरत होता. म्हणजे तो मागे सरणार होता आपल्याच जमिनीवर, आणि आपण मागे सरणार होतो तेही आपल्याच जमिनीवर. भारताची मागणी साधी होती: ८ सप्टेंबर १९६२ च्या आधी, म्हणजे नेफातली थाग ला ही डोंगरधार ओलांडून चिन्यांचा आपल्या ढोला चौकीला वेढा पडण्याआधी, जो जिथे होता तिथे त्याने जावं. ही तारीख नकाशावर तपासता येत होती.

‘दोघेही वीस’ यातही मेख आहे. उत्तरेला तिबेटचं पठार, तिथे चिनी रस्ते सीमेच्या जवळ पोचलेले. दक्षिणेला खोल दऱ्या आणि पायवाटा. पठारावरून वीस किलोमीटर परत यायला चीनला काही तास पुरले असते. आपल्या जवानांना तेच अंतर चढून यायला दिवस लागले असते, आणि मधल्या वेळात खिंड हातची गेली असती. अंतर सारखं ठेवलं म्हणजे तडजोड सारखी झाली, असं डोंगरात होत नाही.

मधल्या तीन आठवड्यांत लढाई बरीच थंडावली होती. त्या वेळात चीनने सीमेवरच्या बुम ला खिंडीपासून तवांगपर्यंत गाड्यांचा रस्ता तयार केला. आपणही कुमक पाठवत होतो, हे खरं. पण तवांगच्या पुढची से ला खिंड आणि बोमडिला पडायला पुढे दोन दिवस पुरले, त्यात त्या रस्त्याचा वाटा होता. म्हणून बोलणी चालू असताना समोरच्याच्या भाषणापेक्षा त्याच्या रस्त्यांकडे आणि दारूगोळ्याच्या साठ्यांकडे लक्ष ठेवायचं.

आता तुझ्या मैत्रिणींचा बिनतोड वाटणारा मुद्दा: २१ नोव्हेंबरला चीनने स्वतःहून युद्धबंदी जाहीर केली, आणि नेफातून तो खरंच मागे गेला. पकडलेले सुमारे ३,९०० जवान त्याने पुढच्या मे महिन्यापर्यंत परत पाठवले. हे नाकारू नकोस, वादात उणी पडशील. पण कुठून गेला ते सांग. नेफात हिवाळा तोंडावर होता, खिंडी बंद होणार होत्या, रसद लांबली होती आणि अमेरिका-ब्रिटनची शस्त्रं भारतात उतरू लागली होती. जे टिकवणं महाग होतं ते त्याने सोडलं. अक्साई चीन, सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर, ज्यातून त्याचा शिनजियांग-तिबेट रस्ता जातो, ते सोडलं नाही. डिसेंबरमध्ये कोलंबोत सहा देशांनी सुचवलं की लडाखात चीनने वीस किलोमीटर मागे सरून मोकळ्या करायच्या पट्ट्यात दोन्ही देशांच्या मुलकी चौक्या असाव्यात. भारताने ते सूचनांच्या खुलाशांसह पूर्ण स्वीकारलं, चीनने ‘तत्त्वतः’. या ‘तत्त्वतः’पाशी नेहमी थांबून विचारावं, की व्यवहारात कोणतं कलम गळालं.

त्याच २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ. नंतर काय झालं ते कमी जणांना माहीत. भारताने ती युद्धबंदी रीतसर स्वीकारलीही नाही आणि मोडलीही नाही. मिळालेला वेळ वापरला: नव्या डोंगरी डिव्हिजन उभ्या राहिल्या, १९६४ च्या योजनेत ८,२५,००० चं सैन्य आणि ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल ठरलं. सप्टेंबर १९६७ मध्ये सिक्कीमच्या नथू ला खिंडीत चिनी तोफा सुरू झाल्या तेव्हा आपण जागचे हललो नाही. मला हा मार्ग ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्हींपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

तुझ्या आठवणीतलंही एक आहे. ६ जून २०२० ला दोन्हीकडचे सेनाधिकारी मागे हटायला राजी झाले, आणि १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले. माघार झाली की नाही हे पाहायला जाणं, हाच सगळ्यात धोक्याचा टप्पा असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये लडाखातल्या पँगाँग तलावाकाठी म्हणूनच माघार टप्प्याटप्प्याने, एकमेकांच्या ताळमेळाने आणि पडताळणी करत झाली. तोवर तलावाच्या दक्षिणेच्या कैलास रांगेतल्या उंच जागा आपल्या हातात होत्या, त्यामुळे आपल्याकडेही सोडण्यासारखं काही होतं.

पुढच्या चर्चेआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या श्वेतपत्रिकेतली २४ ऑक्टोबर, ४ नोव्हेंबर आणि १४ नोव्हेंबरची पत्रं शेजारी ठेवून वाच. लडाखचा नकाशा घे, प्रत्येक पत्रातली रेषा वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने काढ, आणि मग वीस किलोमीटर मोज.

तुझी,
आई