उजेड टोचते डोयाले

आदरणीय डॉक्टर मॅडम,

बदलीचा आदेश सोमवारी आला अन् गुरुवारी तुम्ही गेल्यासुद्धा. शाल-नारळ राहूनच गेलं. म्हणून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र, चारचौघांसमोर.

आभार मानायचे ते त्या ट्यूबलाइटसाठी. कापूस वेचणीवरून तशीच आलेली, अर्धशिशीनं ठणकणाऱ्या डोक्याला दुपट्टा करकचून बांधलेली बाई "उजेड टोचते डोयाले" म्हणाली. केसपेपरला हात लावायच्या आधी तुम्ही उठून लाइट बंद केली, खिडकीवर चादर टाकली. शेजारच्या खोलीतलं नेब्युलायझरचं मशीन थांबेपर्यंत एक प्रश्न विचारला नाही. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणालात, "महिन्यात किती दिवस गोळी घेता, बाई?"

तिला हे तोवर कोणीच विचारलं नव्हतं. सलाईन लावून झालं होतं, कमरेत सुया झाल्या होत्या. सायनस, गॅस, चष्म्याचा नंबर, आणि शेवटी 'नाटक'. सिटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून 'काही नाही झालं' सांगणाऱ्या मोठ्या दवाखान्याला अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नसते, एवढं तरी ठाऊक असायला हवं होतं.

तिच्या पिशवीतून निघाल्या त्या एर्गोटामाइन-कॅफीन-पॅरासिटामॉलच्या मिश्र गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा. तुम्ही तेव्हा आशाताईंना समजावलं होतं ते आम्ही विसरणार नाही: हे औषध राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीतून निघालं, आपल्या ज्वारीवरच्या चिकट्याच्या भावकीतली बुरशी. 1918 मध्ये त्यातून एर्गोटामाइन वेगळं काढलं. लेबर रूमच्या फ्रिजमधलं, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं मेथरजिन त्याच घराण्यातलं. रक्तवाहिन्या आवळते म्हणून ठणका उतरतो, आणि म्हणूनच अती झालं की बोटं गार पडतात. एकेकाळी अर्धशिशीवर याच्याइतकं खात्रीचं दुसरं नव्हतं. आपल्याकडे ते अजून तसंच विकलं जातं, तक्रार आमची तिथेच आहे.

मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या खास गोळ्या) महिन्यात 10 दिवस, साध्या वेदनाशामक गोळ्या 15 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. ती थांबवली की पहिले आठ-दहा दिवस दुखणं उलट वाढतं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी पुन्हा मेडिकलवर उभा. तुम्ही आधी सांगितलं. कॅलेंडरचं पान दिलं: दुखलं तर काट, गोळी घेतली तर गोल.

गोळी कधी घ्यायची, हेही तुमच्याकडूनच नीट कळलं. अर्धशिशीत जठर मंदावतं, उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात पडून राहते. म्हणून दुखणं चढायच्या आत नेप्रोक्सेन ही वेदनाशामक गोळी 500 मिलिग्रॅम, सोबत उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड 10 मिलिग्रॅम. पावसाळ्यात ताप असेल तर मात्र डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. ट्रिप्टानांतलं पहिलं, सुमाट्रिप्टान, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, पण हृदयविकार असलेल्याला ते चालत नाही, आणि एर्गोटामाइन घेतल्यापासून 24 तासांत तर कुणालाच नाही.

वारंवार झटके येणाऱ्यांसाठी, ते टाळायला रोज घ्यायचं प्रोप्रॅनोलॉल, मुळात हृदयाचं औषध. 1960 च्या दशकात छातीत कळ येणाऱ्या पेशंटची अर्धशिशीही कमी झाली तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. 20 मिलिग्रॅमपासून सुरुवात, दमा असेल तर नाहीच. किंवा रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि आपले लोक आठव्या दिवशी सोडतात. 2018 पासून अर्धशिशीचं दुखणं पेटवणाऱ्या सीजीआरपी नावाच्या रेणूलाच अडवणारी इंजेक्शनं आली, महिन्याला एक. अर्धशिशीसाठीच घडवलेलं हे पहिलं प्रतिबंधक औषध. आपल्या पेशंटच्या खिशात ते बसत नाही, हे तुम्ही लपवलं नाही, अन् त्यापायी स्वस्तातल्या औषधाला कमीही लेखलं नाही.

डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसून मग डोकं दुखणाऱ्या बायकांची माला-एन ही गर्भनिरोधक गोळी बंद करून इस्ट्रोजन नसलेली छाया सुरू करायला लावली, हेही तुमचंच. माला-एनमध्ये इस्ट्रोजन असतं, त्या चमकेसोबत ते पक्षाघाताचा धोका वाढवतं. गोळ्या वाटतानाच 'चमक दिसते का' विचारायचं, हे आता प्रत्येक आशाताईला पाठ आहे.

माणुसकी अशी कोणत्या कागदावर लिहून देता येत नाही, मॅडम, पण उठून बटण दाबायला किती वेळ लागतो? ज्यांना तेवढाही वेळ नव्हता त्यांच्याकडे ओपीडीची फी घ्यायला होता.

नवीन डॉक्टर सोमवारी रुजू होतात म्हणे. त्यांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवू: टेबलावरची ट्यूबलाइट दारामागच्या बोर्डावर, वरून तिसरं बटण. दुसरं दाबलं तर पंखा बंद होतो.

तुमचेच,
केंद्रातले सगळे