शनिवारची मेडिकल लायब्ररी भेट – आठवण
सगळ्यांना नमस्कार, शनिवारी सकाळी साडेदहाला मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत जायचंय, गेटवर ओळखपत्र दाखवावं लागेल तेव्हा ते विसरू नका आणि दहा मिनिटं आधीच या.

आपण लायब्ररियन बहुतेक सगळे ड्युईवाले, म्हणजे विषयानुसार आकडे देऊन पुस्तकं लावणारे, हृदयरोग म्हटलं की हात आपोआप ६१६.१२ कडे जातो, पण तिथे एनएलएम (अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन) वर्गीकरण आहे, त्यात इंग्रजी अक्षरं असतात, म्हणजे क्यूएस ते क्यूझेड मूलभूत विषय आणि डब्ल्यूपासून पुढे वैद्यक, हृदय आणि रक्तवाहिन्यांचं सगळं डब्ल्यूजीमध्ये. रॅकसमोर उभं राहून बघाच, एका अवयवाची पुस्तकं एकत्र कशी येतात ते लगेच कळतं.

पण माझ्या मते खरी शिकण्यासारखी गोष्ट रेफरन्स डेस्कवर आहे. तिथले लायब्ररियन डॉक्टरांना सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी (एका प्रश्नावरचं सगळं संशोधन पद्धतशीर शोधून केलेला आढावा) सर्च करून देतात आणि प्रत्येक डेटाबेसमध्ये नेमका काय सर्च टाकला तो जसाच्या तसा जपून ठेवतात, कारण प्रिझ्मा २०२० (असे रिव्ह्यू कसे मांडायचे याची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे तो पेपरमध्ये द्यावाच लागतो. पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांचा डेटाबेस) मेशचं, म्हणजे तिथल्या ठरावीक विषय-शब्दांच्या यादीतलं, मोठं हेडिंग टाकलं की खालची छोटी हेडिंग्जही सर्चमध्ये आपोआप येतात, हे ते लाइव्ह करून दाखवणारेत, त्यामुळे आपल्या वाचकांनी विचारलेला एखादा खरा प्रश्न लिहून आणा, बरोबर बसून करता येईल. हे काम आपल्यालाही यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

फोटो विचारूनच काढा, वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचे तर अजिबात नको. आणि ज्यांनी अजून नाव दिलं नाहीये त्यांनी प्लीज गुरुवारपर्यंत इथेच कळवा, यादी त्या लायब्ररीला आधी पाठवायची आहे.