बाहरोटचा डोंगर आणि चिकूची वाइन एका दिवसात : आधी परतीची सोय हवी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत नाशिकच्या एकदिवसीय सहलींवर नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. सकाळी त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या, दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूची एखादी वायनरी पाहायची आणि रात्रीपर्यंत मुंबई गाठायची, असा कार्यक्रम त्यात सुचवलेला होता. तसाच दिवस कोकणच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातल्या बोर्डी-घोलवड पट्ट्यातही आखता येतो, याची दखल मात्र लेखात नव्हती. इथे चढण्यासाठी बाहरोटचा डोंगर आहे आणि पाहण्यासाठी चिकूपासून वाइन बनवणारी वायनरी आहे. या बेताला माझा विरोध नाही. उलट तो रुजावा असेच मला वाटते. परंतु ज्या पद्धतीने तो सध्या आखला जातो, म्हणजे चार मित्रांनी एक मोटार घेऊन निघायचे आणि परतताना त्या चौघांपैकीच कुणीतरी ती चालवायची, त्या पद्धतीला माझी हरकत आहे, आणि ती दूर करणे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

प्रथम डोंगराविषयी. अस्वाली धरणाच्या बाजूने चढत जाणारा, सुमारे दीड हजार फूट उंचीचा हा डोंगर किल्ल्यांच्या यादीत बसत नाही. वर तटबंदी नाही, तोफ नाही, त्यामुळे गडप्रेमी मंडळींचे त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. त्याचे महत्त्व निराळे आहे. इराणातून आलेल्या पारशी समाजाने आजच्या गुजरातेतल्या संजाण येथे आपल्या पवित्र अग्नीची, इराणशाहची, स्थापना केली. पुढे सुलतानाच्या सैन्याने संजाणवर स्वारी केली, स्थानिक हिंदू राजाच्या बाजूने पारशी लढले आणि संजाण पडले. त्या वेळी धर्मगुरूंनी तो अग्नी उचलून या डोंगरातल्या गुहांमध्ये आणला आणि बारा वर्षे तिथे जपला, अशी परंपरा आहे. संजाण नेमके कोणत्या वर्षी पडले यावर अभ्यासकांचे एकमत नाही; कुणी ते चौदाव्या शतकाच्या अखेरीस धरतात, तर कुणी 1465 च्या सुमारास. या घटनांचे सविस्तर कथन ज्या फारसी काव्यात येते, ते 1600 च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर बऱ्याच काळाने रचले गेले, हेही लक्षात ठेवावे लागते. पण बाहरोटहून वांसदा, मग नवसारी, सुरत, वलसाड असा प्रवास करत इराणशाह 1742 मध्ये उदवाड्याला स्थिरावला आणि आजही तिथे अखंड तेवतो आहे. पारशी भाविक आजही हा डोंगर चढून गुहेत जशन, म्हणजे आभाराची प्रार्थना, करतात. एखाद्या समाजाने आपले सर्वात मौल्यवान संचित संकटाच्या काळात जिथे दडवले, ती जागा चालत जाऊन पाहता येणे ही गोष्ट मला कोणत्याही बुरुजापेक्षा कमी वाटत नाही.

नाशिकच्या कार्यक्रमात आणि आपल्याकडच्या कार्यक्रमात मूळ फरक पडतो तो इथे. बाहरोटची गुहा आजही श्रद्धेची जागा आहे. वर बाटली नेणे, गुहेत बसून खाणे, भिंतींवर नावे कोरणे हे प्रकार कायदा काय म्हणतो हे पाहण्याआधीच शिष्टाचाराला सोडून आहेत. एरवी सुसंस्कृत असलेली माणसे डोंगरावर गेली की आपण कुणाच्या देवघरात आलो आहोत हे विसरतात. आपल्या किल्ल्यांवरच्या रिकाम्या बाटल्या पाहिलेल्या कुणालाही हे पटवून द्यायला नको. म्हणून डोंगर आधी आणि वाइन नंतर, हा क्रम केवळ सोयीचा नाही; तो या जागेचा मान राखण्याचाही भाग आहे.

आता वाइनकडे. कोकणात द्राक्षांच्या ओळी का दिसत नाहीत, असे बाहेरून येणारे पाहुणे हमखास विचारतात. इथला मुसळधार पाऊस आणि वर्षभराची दमट हवा द्राक्षवेलीला मानवत नाही. केवडा आणि भुरी या रोगांशी नाशिकचा बागायतदार आधीच झुंजत असतो, तिथे किनाऱ्यावर त्याचा निभाव लागणे कठीण. आपल्याकडचे पीक चिकूचे, त्यातही मुख्यतः कालीपत्ती जातीचे, आणि ‘डहाणू घोलवड चिकू’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र चिकू पिकला की दोन-चार दिवसांत त्याची विक्री झाली पाहिजे. बाजारात माल तुंबला की भाव कोसळतो आणि बागायतदार हात चोळत बसतो. चिप्स, पावडर आणि वाइन ही त्यावरची उत्तरे आहेत. त्यांनी सगळा प्रश्न सुटतो असे मी म्हणणार नाही, पण पिकलेल्या फळाला बाजार समितीखेरीज दुसरे दार उघडले, हे खरे.

वायनरी पाहायला जाणाऱ्याने केवळ पेला पुढे करून परत येऊ नये. चिकूची वाइन करणे द्राक्षापेक्षा अवघड का, हे तिथल्या माणसांना जरूर विचारावे. कच्च्या चिकूत चीक आणि तुरटपणा असतो, म्हणून फळ पूर्ण पिकलेलेच लागते. पिकलेल्या फळात साखर भरपूर, पण आंबटपणा जवळजवळ नाही. वाइनची चव आणि टिकाऊपणा तर त्या आंबटपणावर बराच अवलंबून असतो, त्यामुळे तो जमवून आणावा लागतो. यीस्ट साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू करते, तो वायू राखला किंवा पुन्हा भरला की फसफसणारी वाइन होते, आणि हे सगळे थंड तापमान सांभाळून करावे लागते, जे समुद्रकाठच्या उकाड्यात स्वस्त नसते. हे समजून घेतले की पेल्यातल्या चार घोटांची किंमत निराळी वाटते. भेटीची वेळ मात्र आधी फोन करून ठरवलेली बरी, कारण प्रत्येक दिवशी पाहुण्यांसाठी दार उघडे असेलच असे नाही आणि प्रत्येक हंगामात टाकीत काही घडत असेलच असेही नाही.

बोर्डीसारख्या गावात वायनरी हवीच कशाला, असे म्हणणारी ज्येष्ठ मंडळी इथे आहेत आणि त्यांचा मला आदर आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचे काम इथूनच सुरू केले. गांधीजींच्या विचारांचा ठसा या गावावर खोल आहे. पण ताडी आणि माडी या तालुक्याला नवीन नाही, आणि परवानाधारक, कर भरणारा, स्थानिक फळ विकत घेणारा उद्योग हा चोरट्या दारूधंद्यापेक्षा केव्हाही बरा. वाद घालायचाच तर तो वायनरीने कायद्याने ठरवलेल्या वयाची अट काटेकोर पाळावी यासाठी घालावा.

आता मुख्य मुद्दा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातही डोंगर उजाडताच चढायला घ्यावा, कारण किनाऱ्यालगतच्या टेकड्यांवर दहा वाजल्यानंतरचे ऊन आणि दमटपणा माणसाला लवकर थकवतो. वर पाण्याची खात्री नसते, ते बरोबर न्यावे. उतरून आल्यावर शरीरातले पाणी घामावाटे गेलेले असते, पोट रिकामे असते, आणि अशा अवस्थेत घेतलेली थोडीशी वाइनसुद्धा एरवीपेक्षा लवकर चढते. म्हणून उतरल्यावर सरळ वायनरीकडे धावू नये. आधी पोटभर पाणी, मग जेवण, थोडी विश्रांती आणि नंतर वाइन. थंडीच्या दिवसांत मडक्यात शिजवलेली उकडहंडी कुठे मिळाली, तर त्या जेवणासाठी मी वायनरीची वेळ तासभर पुढे ढकलायलाही तयार होईन.

एवढे सगळे नीट पार पडल्यावर प्रश्न उरतो परतीचा, आणि बेत फसतो तो तिथेच. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मर्यादा आपण ओलांडली की नाही हे स्वतःच्या अंदाजाने कुणालाही सांगता येत नाही. ‘मी ठीक आहे’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येते, त्याच्या हाती किल्ली देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात परतीचा रस्ता आहे मुंबई-अहमदाबाद महामार्ग. चारोटी ते मनोर हा टप्पा अपघातांसाठी दिवसाउजेडीही बदनाम आहे. पहाटे उठून डोंगर चढलेला, जेवलेला आणि वाइन घेतलेला चालक तिन्हीसांजेला तिथे गाडी हाकतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. चौघांपैकी एकाने घोटही घ्यायचा नाही, असे ठरवणारे गट असतात, त्यांचे कौतुक आहे. पण तोही माणूस डोंगर चढून थकलेला असतोच.

यावर उपाय आपल्या अंगणात आहे. 2013 पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येते. त्यापुढे घोलवडला थांबणाऱ्या गाड्या थोड्या आहेत, पण डहाणूहून बोर्डीला एसटी आणि शेअर रिक्षा मिळते. अडचण आहे ती बोर्डीपासून पुढची : डोंगराच्या पायथ्याशी पहाटे पोहोचवणारे आणि दुपारी तिथून आणणारे भरवशाचे वाहन नसते, म्हणून लोक नाइलाजाने मुंबईहूनच मोटार काढतात. रिक्षाचालकाला पायथ्याशी चार तास थांबणे परवडत नाही आणि पाहुण्याला दोन्ही वेळचे एकेरी भाडे मान्य नसते, त्यामुळे घासाघीस होते आणि दोघेही नाराज होतात. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दराने स्टेशन, पायथा, वायनरी आणि पुन्हा स्टेशन अशी फेरी घालणारी एखादी सामायिक गाडी शनिवार-रविवारी चालली, तर हा गुंता सुटेल.

गुजरातची हद्द बोर्डीपासून अगदी जवळ आहे, याचाही विसर पडू नये. बाहरोट पाहिलेल्या माणसाला संजाणचा 1920 सालचा स्मारकस्तंभ आणि उदवाडा पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे गाडी वळवतो. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी आहे. वायनरीतून भेट म्हणून घेतलेली बाटली डिकीत विसरून उंबरगाव ओलांडले, तर निष्पाप हेतू तपासनाक्यावर कामी येत नाही. उदवाड्याच्या अग्निमंदिरात पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, हेही आधीच माहीत असलेले बरे. गाव मात्र पाहता येते. वाइनची बाटली न्यायचीच असेल तर ती दक्षिणेकडे परतणाऱ्यानेच न्यावी.

शेवटी पायथ्याच्या वस्त्यांबद्दल. तिथे बहुतांश वारली कुटुंबे राहतात. वाट त्यांना पाठ असते, पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात ती हरवते तेव्हा त्यांचीच मदत लागते, आणि तरीही या पर्यटनातून त्यांच्या हाती जवळजवळ काही पडत नाही. प्रत्येक गटाने स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याचे मानधन ग्रामपंचायतीने ठरवून द्यावे. तोच माणूस गुहेतले वर्तन कसे असावे हेही सांगेल, आणि बाहेरून लावलेल्या फलकापेक्षा त्याच्या शब्दाला अधिक वजन राहील. सोयींच्या नावाखाली डोंगरावर काँक्रीट चढवण्याची मात्र कुणी घाई करू नये. डहाणू तालुका 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला आहे, आणि इथल्या वाड्या आज टिकून आहेत त्याचे श्रेय त्या बंधनांना मोठ्या प्रमाणावर जाते.

तेव्हा बोर्डी, घोलवड आणि अस्वाली येथील ग्रामपंचायती, रिक्षाचालक आणि वायनरीचालक यांनी एकत्र बसून येत्या डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात शनिवार-रविवारी अशी एक फेरी प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावी, तिच्या वेळा डहाणू रोडहून सुटणाऱ्या लोकलच्या वेळांशी जुळवाव्यात, आणि भाडे व वाटाड्याचे मानधन यांचा मराठी-गुजराती फलक घोलवड स्थानकाबाहेर लावावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करत आहे. पुरवणीत या परिसरावर लेख येणार असेल, तर त्यात मोटारीच्या मार्गाआधी गाड्यांचे वेळापत्रक छापावे, ही आपल्यालाही विनंती.

आपला नम्र,
एक चिकू बागायतदार,
बोर्डी, ता. डहाणू, जि. पालघर